पाठमोरी सगुणाबाई

ओढा ओलांडून दोघी वर आल्या तेव्हा महानंदाच्या लक्षात आलं, सगुणाबाई अजून लेकराच्या पावलानंच चालत होती. पालमहून निघाल्यापासून तिची तीच चाल. चार पावलं टाकायची, जरा थांबल्यासारखं करायचं, पुन्हा टाकायची. रस्ता बैलगाडीचा, चांगला रुंद. तरी ती एका कडेनं चालत होती आणि डाव्या हाताला एका लहान पोरीला मावेल एवढी जागा सोडत होती. त्या जागेत आता कुणी नव्हतं.

"सगुणाबाई, जरा पाय उचला," महानंदा म्हणाली. "ऊन कलायलंय."

"उचलते की," सगुणाबाई म्हणाली, आणि होती तशीच चालत राहिली.

जाताना त्या एसटीनं गेल्या होत्या. येताना एसटी आलीच नाही. थांब्यावरचा पानवाला म्हणाला, गाडी मधीच कुठं तरी बसली, आता उद्याच. बाकीची माणसं कुरकुर करत बाजारात परतली. या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि चालायला सुरुवात केली. पालमला आणखी थांबायची सगुणाबाईची तयारी नव्हती. तिची नात, कडू, त्याच दुपारी पालमला तिच्या मावशीच्या घरी राहिली होती, आणि थांबलं असतं तर पुन्हा त्याच गल्लीवरून जावं लागलं असतं.

महानंदा गावातल्या चन्नप्पा दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन दोन वर्षं पुरी व्हायच्या आत रिकाम्या कपाळानं माहेरी आली. घरात बसून काय करायचं, म्हणून बापानं खटपट करून तिला बालवाडीवर लावली. सकाळी आंघोळ, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग बालवाडी, असा तिचा दिवस. सगुणाबाई बालवाडीची मदतनीस. वस्तीतून, गावातून लेकरं गोळा करून आणायची, जागा झाडायची, पाणी भरायचं, आणि बारा वाजता ज्याला त्याला घरी पोचवायचं. काही घरांत तिला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. ती रस्त्यावरूनच हाक मारायची, लेकरं पळत यायची. सुरुवातीला भागम्मानं, म्हणजे महानंदाच्या आईनं, मुलीला बजावलं होतं की तिच्या हातचं पाणी तेवढं घेऊ नकोस. महानंदा हो म्हणाली होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिला चक्कर आली आणि सगुणाबाईनं तोंडाला तांब्या लावला. पुढं दोघींनीही ती गोष्ट घरी सांगितली नाही.

दुष्काळ संपून तेव्हा काही फार दिवस झाले नव्हते. दुष्काळात गावच्या मारुतीच्या पारावर लेकरांसाठी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, वाटत. मधून मधून जीपगाडीतून साहेब यायचे आणि लेकरांना विचारायचे, "काय रे, आवडते का?" आयांना वाटायचं, एखादं पोर नाही म्हणालं आणि सुकडीच बंद झाली तर? म्हणून घरोघरी लेकरांना शिकवून ठेवलं होतं: सायबानं इचारलं की लय आवडती म्हनायचं. रात्री घोकून घ्यायचं, सकाळी पुन्हा विचारायचं. पाऊस पडला, जीप यायची थांबली, पण शिकवलेलं काही गेलं नाही. थोरल्यांचं बघून धाकटीही तेच म्हणायला शिकली.

महानंदा परभणीच्या शिबिराला जाऊन आली होती. तिथं सांगितलं होतं की लहान मुलाला आपल्याला काय आवडतं आणि काय आवडत नाही हे कळलं पाहिजे. ते कळलं की मग ते मूल पुढं आपल्या मनानं उभं राहतं. तिला ते पटलं. परत आल्यावर तिनं उत्साहानं लाल कागद आणि निळा कागद हातात धरून विचारलं, "यातला कोणता आवडतो?"

"दोनीबी लय आवडतेत, बाई," सगळी पोरं एका सुरात.

"सुकडी आवडते का दूध?"

"दोनीबी लय आवडतेत."

शेवटी ती बन्सीधर नावाच्या पोराला म्हणाली, हे बघ, कडुलिंबाचा पाला, खाऊन बघ आणि सांग. त्यानं चावला. डोळ्यांत पाणी आलं. तिच्या तोंडाकडे बघत त्यानं तो गिळून टाकला आणि म्हणाला, "लय आवडतो, बाई."

महानंदा खाली बसली. सगुणाबाईनं बन्सीधरला चूळ भरायला नेलं.

त्यानंतर कितीतरी दिवस दोघींनी काही ना काही करून बघितलं आणि दोघीही थकल्या. ज्यानं फरक पडला ते ठरवून केलेलंच नव्हतं. सगुणाबाईची पाठ धरली होती. भिंतीकडे तोंड करून, भिंतीला हात टेकून ती जरा बसली होती. मागं सूप होतं, त्यात पोरांना खेळायला म्हणून तिनं वेचून आणलेलं सटरफटर: चिंचोके, कोंबडीची पिसं, गुळाचे खडे, बोरं, चिंध्या, एक फुटकी बांगडी. महानंदा दारात कुणाशी तरी बोलत उभी. वळून बघते तर पोरं गप होती आणि सुपातून काही काही उचलत होती. कुणी सगळी बोरं चाचपून एकच घेतलं. कुणी पीस गालावर फिरवून परत ठेवलं. बन्सीधरनं चिंधी उचलली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. उघड उघड तोंड वाकडं केलं. महानंदानं सगुणाबाईला खुणेनं सांगितलं, वळू नका.

तेव्हापासून रोज सकाळी तो खेळ. सूप मधोमध ठेवायचं आणि मोठ्या माणसांनी पाठ करून बसायचं. पाहिजे ते घ्यायचं, नको ते ठेवायचं. कामून म्हणून कुणी विचारायचं नाही. महानंदानं पुढं त्यात भर घातली. कधी वास घ्यायच्या वस्तू, कधी दोन गाणी म्हणायची आणि ज्याला जे पाहिजे त्या गाण्याला त्यानं उभं राहायचं. सगुणाबाई म्हणायची, "बाई, मोठ्या मानसाचं तोंड म्हंजे पाटी असती. लेकराला अक्षर येत न्हाई, पर ती पाटी त्याला बराबर वाचता येती."

गावात काही हे सगळ्यांना रुचलं नाही. पोरं घरी जाऊन ताटातलं बाजूला सारायला लागली. भागम्मा एकदा मुलीला म्हणाली, "चार वर्सं उपाशी मरायलेली लेकरं खायला शिकली तेच लय झालं. आता नको म्हणायला शिकवायलीस व्हय?" महानंदाचं ताट आईनंच वाढलं होतं, तिनं ते गपगुमान संपवलं.

सुपाला सगळी पोरं हात घालायची, एक कडू सोडून. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं काय असेल ते ती उचलायची.

कडूचं नावही तिच्या आईनं जाणूनबुजून ठेवलेलं. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. ही दुष्काळाच्या तोंडावर झाली तेव्हा आईनं ठरवलं, नावच असं ठेवायचं की ऐकून कुणाला नको वाटावं. गोड नावाचं लेकरू देवाला आवडतं, कडू नावाचं तो टाकून जातो. अशा कडूबाई त्या भागात घरोघर होत्या. या वेळी लेकरू राहिलं, पण दुष्काळ सरता सरता आई गेली. बाप लिंबाजी, सगुणाबाईचा मुलगा, कामाला येलदरीला गेला तो तिकडेच रमला. मासे धरायचा, धरणावर मजुरी करायचा, वर्ष-सहा महिन्याला यायचा. कडू आजीच्या कमरेवर वाढली. आजी जे देईल ते खायचं, आजी जिथं ठेवील तिथं बसायचं. सगुणाबाई स्वतः चहात गूळ घालायची सोडून तो खडा नातीच्या तोंडात घालायची.

एक दिवस सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून बसलेली असताना मागून आवाज आला, "गूळ नको."

तिनं मान वळवली नाही. तशीच बसून विचारलं, "कुनाला नको?"

"मला. मला गूळ आवडतच न्हाई."

कडूनं गुळाचा खडा सुपात परत ठेवला आणि पीस घेतलं. त्या दिवशी सगुणाबाई लेकरं पोचवत हिंडली ती घरोघर सांगत, "आमच्या कडूला गूळ आवडत न्हाई बरं का." लोकांना वाटलं, म्हातारीला लागलं काही तरी. वस्तीतली चांगुणाबाई न राहवून म्हणाली, "अगं, असं सांगायलीस की नातीचं लगीन ठरलंय." महानंदाला मात्र ती वेगळंच म्हणाली. म्हणाली, "बाई, इतके दिवस मी माज्या तोंडचा गूळ तिला भरवायले. अन् तिला त्यो नकोच होता. बगा तुमी." असं म्हणून ती हसली आणि मग बराच वेळ पदरानं तोंड पुसत राहिली.

मग येलदरीहून निरोप आला की लिंबाजी दुसरी बायको करायलाय. त्याच्या मागोमाग पालमहून कस्तुराबाई आली. कस्तुराबाई म्हणजे कडूची सख्खी मावशी. तिचा नवरा सूर्यभान तिथं शाळेत मास्तर. घरी कडूच्या जोडीची दोन पोरं, एक शेळी. ती म्हणाली, "आत्या, तुमची नजर आता कमी झालीय. पाठ धरलीय. बापाचं काय खरं नाही. पोरगी माझ्याकडं द्या. शाळेत घालू." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. सगुणाबाईला ते कळत होतं. कित्येक रात्री झोप नाही. शेवटी तिनं ठरवलं की हे आपण ठरवायचं नाही.

"कडूला इचारू," ती म्हणाली. "पर इचारायचं तसं इचारू. बाई, तुमी संगं चला."

पालमला सूर्यभान मास्तरांचं घर एका खोलीचं, पुढं ओटा. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्या शेजारी खुंटीला लहानसा आरसा. चहा झाला. मास्तरांनी कडूला जवळ बोलावून विचारलं, "काय सुजाता, कुठं राहायचं?" शाळेत नाव घालताना ते सुजाता घालायचं ठरवून बसले होते. कडू नाव त्यांना जुन्या समजुतीतलं वाटायचं.

कडूनं मावशीकडे बघितलं. "हितं," ती म्हणाली.

"आन् आजी?" कस्तुराबाईचं पोर म्हणालं.

कडूनं आजीकडे बघितलं. "आजीकडं."

"दोन्हीकडं मत," मास्तर हसले. "ही पुढारी होणार."

सगुणाबाई उठली आणि उंबऱ्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. म्हणाली, "कस्तुरा, तू चुलीकडं तोंड कर. मास्तर, तुमी बी वळा. पोरांना भाईर घाला. बाई, तुमी त्या भिंतीकडं. कडू, तुला जितं जावंसं वाटतंय तितं जाऊन बस. कुनी बगत न्हाई. कुनी रागवत न्हाई."

मास्तरांना हे जरा पोरकट वाटलं, पण ते वळले. महानंदा भिंतीकडे तोंड करून बसली आणि मनातल्या मनात शिवनाम घ्यायला लागली. तिच्या समोरच आरसा होता. बघायचं नव्हतं, पण डोळे काही मिटले गेले नाहीत.

कडू मधोमध उभी राहिली. बाहेर शेळी ओरडली. मग ती उंबऱ्याकडे गेली आणि सगुणाबाईच्या अगदी पाठीमागं जाऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर पाठीला लागला असता. बराच वेळ उभी होती. सगुणाबाईची पाठ आरशात सरळ दिसत होती; एरवी वाकलेली ती पाठ त्या दिवशी सरळ होती. मग कडू हळूच मागं सरली, खोली ओलांडून चुलीपाशी गेली आणि मावशीच्या मांडीला टेकून बसली.

कस्तुराबाई रडायला लागली तेव्हा सगळ्यांना कळलं.

सगुणाबाईनं लगेच वळून बघितलं नाही. तिनं आधी चपला जवळ ओढून ठेवल्या. मग कडूच्या कपड्यांचं गाठोडं आत सरकवलं. चुलीपाशी जाऊन कडूच्या डोक्यावरून हात फिरवला, खांद्यावर चिकटलेलं काहीतरी झटकलं. मास्तर म्हणाले, "काळजी करू नका. उद्यापासून आमची सुजाता..."

"कडूच," चुलीजवळून आवाज आला.

मास्तरांनी बघितलं. पोरगी कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. चुलीतल्या राखेवर बोटानं रेघा ओढत होती. "माझं नाव कडूच ठिवा," ती म्हणाली. "माय कडू म्हनायची."

मास्तर म्हणाले, "बरं, कडूच."

आता त्या गोष्टीला काही तास झाले होते आणि दोघींचे पाय धुळीनं पांढरे पडले होते. वाटेत एक महादेवाचं लहान देऊळ लागलं. महानंदा आत जाऊन हात जोडून आली. सगुणाबाई बाहेर दगडावर टेकली होती, पोटऱ्या दाबत. म्हणाली, "माझ्याकडून बी जोडा म्हनले असते, पर आमचं आता ते न्हाई."

"मी जोडले," महानंदा म्हणाली.

"मग असू द्या. त्येला काय कळायलंय कुनाचे कोनते."

दोघी जरा हसल्या. महानंदानं तांब्यातलं पाणी तिला आधी दिलं, मग आपण प्यायली. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. पाखरं राखायला कुठंतरी एक माणूस डबा वाजवत होता. पुन्हा चालायला लागल्यावर महानंदाला राहवेना. दुपारपासून तो आरसा तिच्या छातीवर बसला होता.

"सगुणाबाई, मी बघितलं," ती म्हणाली. "भिंतीवर आरसा होता. मी डोळे मिटले नाहीत."

सगुणाबाई चालत राहिली.

"ती आधी तुमच्याकडं आली होती. तुमच्या मागं उभी होती. लय वेळ उभी होती."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"मानंला तिचा श्वास लागायला होता," सगुणाबाई म्हणाली.

महानंदा थांबली. "मग वळला का नाही? नुसती मान वळवली असती तरी ती गळ्यात पडली असती. राहिली असती तुमच्याकडं."

"ऱ्हायली असती. म्हनून तर वळले न्हाई," ती म्हणाली. जरा पुढं जाऊन पुन्हा म्हणाली, "माझं तोंड बगून ऱ्हायली असती. लिंबाच्या पाल्यावानी."

गावाजवळचं बाभूळबन दिसायला लागलं होतं. उद्या सकाळी लेकरं येतील, सूप मांडावं लागेल, या विचारानंच महानंदाला दमल्यासारखं झालं. सगुणाबाईचाही पाय आता ओढत होता. पण डाव्या बाजूची जागा ती अजून सोडतच होती. एक गाडीवान मागून आला, "मावशी, बसता का गाडीत?" म्हणाला. सगुणाबाई म्हणाली, "जा बाबा, आता आलंच." गाडी गेली, धुरळा खाली बसेपर्यंत दोघी कडेला उभ्या राहिल्या.

तिथंच उभं राहून सगुणाबाई म्हणाली, "बाई, एक काम सांगू का? रागाला येऊ नका."

"सांगा की."

"तुमी बालवाडीचं धान्य आनायला म्हैन्याच्या म्हैन्याला पालमला जाता. संक्रांत होऊ द्या. मग एकडाव मास्तराच्या घरी जावा. अन् तिला परत इचारा."

"परत?" महानंदानं विचारलं.

"लेकराची आवड बदलती, बाई. आज एक, उद्या एक. आपुनच शिकवलंय न्हाई का, घेतलेलं परत ठिवता येतंय म्हनून. बदलली असली तर बदलली, नसली तर नसली. पर माझं नाव काढू नका. आजी जेवती का, आजी रडती का, काई सांगू नका. हसू बी नका लय. निस्तं इचारा, अन् पाठ करून बसा."

तिनं पदरानं कपाळावरची धूळ पुसली आणि पुन्हा चालायला लागली. दोन पावलांवर थांबली.

"अन् बाई," ती म्हणाली, "त्यो आरसा तेवढा आधी उतरवून ठिवा."